रात्र थोडी आणि सोंगे फार

पावसाळा सरला आणि ऑक्टोबरचे ऊन तापू लागले, की मुंबई नगरीच्या दोन्ही द्रुतगती महामार्गांवर रात्रीचा एक निराळाच संसार मांडला जातो. वर्दळ ओसरू लागली की शंकूंची रांग उभी राहते, प्रखर दिव्यांचे खांब चढविले जातात, जनरेटर धडधडू लागतो आणि जुन्या डांबराचा थर खरवडून काढणारे यंत्र आपले पोलादी दात रस्त्यात रोवते. मागून डंपर येऊन गरम डांबरी खडी ओततात, पेव्हर ती पसरतो, रोलर ती दाबतो, आणि पहाटे हा सारा संसार गुंडाळला जाऊन सकाळच्या गर्दीला काळाभोर, सपाट रस्ता मोकळा होतो. त्या रस्त्यावरून ज्यांनी आपली मोटार हाकली त्यांस हा जादूचा खेळ वाटतो. परंतु ज्यांच्या खिडक्या महामार्गाकडे तोंड करून आहेत, त्या खेरवाडीच्या, वाकोल्याच्या, कुरारच्या, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरातील वा विक्रोळीच्या कन्नमवार नगरातील रहिवाशांनी त्या जादूची किंमत रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत चुकती केलेली असते.

निवासी वस्तीला लागून असलेल्या महामार्गाच्या डांबरीकरणास रात्री परवानगी द्यावी की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी तो क्षुल्लक नाही. शहराच्या सोयीसाठी काही मोजक्या लोकांची झोप घेण्याचा अधिकार कोणास आहे, आणि असल्यास तो किती, असा तो प्रश्न आहे. आमचे उत्तर आम्ही प्रारंभीच निःसंदिग्ध शब्दांत सांगून टाकतो. परवानगी द्यावी, परंतु आज ती ज्या रीतीने दिली जाते त्या रीतीने मुळीच देऊ नये. शहराने नागरिकांची रात्र उसनी घेण्यास आमची हरकत नाही. उसने घेणाऱ्याने आधी मागावे, किती घेतले ते लिहून द्यावे आणि फेडीची तारीख सांगावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम रात्रीच्या कामाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पश्चिम द्रुतगती महामार्ग वांद्र्यापासून दहिसरपर्यंत सुमारे २५ किलोमीटर पसरलेला आहे, आणि दिवसा त्याची एक मार्गिका बंद केली तरी त्याचे परिणाम उपनगरांच्या गल्लीबोळांपर्यंत पोहोचतात. त्या खोळंब्यात केवळ आरामात फिरावयास निघालेले मोटारवालेच अडकतात असे नाही. बेस्टच्या बसमधील नोकरदार अडकतात, हातावर पोट असलेले रिक्षावाले अडकतात, रुग्णवाहिका अडकतात. शिवाय डांबराचा स्वतःचा असा एक धर्म आहे. डांबरी खडी कारखान्यातून निघते तेव्हा तिचे तापमान सुमारे १५० अंश सेल्सियस असते, आणि ते साधारणतः ९० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी ती पसरून दाबण्याचे काम पुरे व्हावे लागते. डंपर तासभर गर्दीत रखडला तर माल वाटेतच निवतो. आणि निवलेल्या मालाचा रस्ता पुढल्या पावसातच उखडतो. त्यातून जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत पाऊस हे काम करू देत नाही. उरलेल्या आठ महिन्यांत जे काय करावयाचे ते करावे लागते. रात्र थोडी आणि सोंगे फार, अशी अभियंत्यांची खरोखरीच अवस्था आहे, आणि खड्ड्यांवर लेखणी झिजविणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी ती नाकारू नये. खड्ड्यात दुचाकी घसरून जीव गमावणाऱ्या तरुणाचे दुःख हे वस्तीतील निद्रानाशापेक्षा हलके नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजू याहून कमी जड नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम केंद्र सरकारने २००० साली केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीच्या शांतता क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४० डेसिबल आहे. आता डांबर खरवडणाऱ्या यंत्राचा किंवा काँक्रीट फोडणाऱ्या हातोड्याचा आवाज १५ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, हा साधा हिशेब मांडला, तर ३० मीटरवर ७९, ६० मीटरवर ७३ आणि १२० मीटरवर ६७ डेसिबल उरतात. म्हणजे महामार्गापासून चौथ्या-पाचव्या इमारतीत झोपलेल्या माणसाच्या खिडकीवरही, मध्ये काही आडोसा नसेल तर, मर्यादेहून २२ डेसिबल अधिक आवाज आदळतो. डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते; दर १० डेसिबलला कानास आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. तेव्हा हा २२ डेसिबलचा फरक म्हणजे चौपटीहूनही अधिक गोंगाट होय.

यावर एक युक्तिवाद हटकून केला जातो. महामार्ग रात्रीही गप्प नसतो, त्याच्या काठी राहणाऱ्यांस आवाजाची सवय असते, मग चार रात्रींच्या यंत्रांनी असे काय बिघडते? हा युक्तिवाद करणाऱ्यांनी एकदा त्या वस्तीत रात्र काढून पाहावी. वाहनांचा अखंड घोष आणि यंत्राचा थांबून थांबून होणारा आघात यांत नदीचा ओघ आणि दारावरची थाप यांच्याइतके अंतर आहे. ओघाच्या काठी माणूस झोपतो. थापेने तो दचकून उठतो. डंपर मागे घेताना वाजणारा कर्कश इशारा तर माणसाने सावध व्हावे याच हेतूने बनविलेला असतो, आणि तो आपले काम तिसऱ्या मजल्यावरील तान्ह्या मुलावरही चोख बजावतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली युरोपसाठी जी रात्रीच्या आवाजाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत घराबाहेरील रात्रीच्या आवाजाची वर्षाची सरासरी ४० डेसिबलच्या वर जाऊ नये असे म्हटले आहे, आणि त्याहून अधिक आवाजाचा संबंध निद्रानाशाशी, रक्तदाबाशी व हृदयविकाराशी जोडला आहे.

‘महामार्गालगत घर घेतले, आता सोसा,’ असेही काही लोक म्हणतात. हे बोलणे ज्यांस घर निवडण्याची चैन परवडते त्यांस शोभते. वाकोला, कुरार यांसारखी गावठाणे महामार्गाच्या आधीची आहेत. त्यांनी महामार्गाकडे जाऊन बिऱ्हाड केले नाही, महामार्गच त्यांच्या अंगणात आला. इतर कित्येक वस्त्यांत माणसे राहतात ती दुसरीकडे जागा मिळत नाही म्हणून. दुहेरी काचांच्या बंद खिडक्या आणि वातानुकूलन यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांची झोप थोडी तरी राखली जाते. पत्र्याच्या छपराखाली, एप्रिल-मेच्या उकाड्यात, खिडकी उघडी ठेवल्यावाचून ज्यांस श्वास घेता येत नाही, त्यांच्या आणि यंत्राच्या मध्ये भिंतसुद्धा पुरती नसते. शिवाय डांबरीकरणाचा ऐन हंगाम आणि दहावी-बारावीच्या परीक्षांचे फेब्रुवारी-मार्च हे महिने एकत्र येतात, हे पंचांग महानगरपालिकेस ठाऊक नाही असे आम्ही कसे मानावे?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २०१० साली या नियमांत दुरुस्ती करून, निवासी क्षेत्रात व शांतता क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्री वापरू नयेत, असे स्वच्छ शब्दांत लिहिण्यात आले. मोटारींच्या भोंग्यांविषयीच्या कलमात सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद आहे. यंत्रांविषयीच्या कलमात तोही नाही. म्हणजे कागदावर मनाई संपूर्ण आहे, आणि रस्त्यावर काम बिनदिक्कत चालू आहे. हे घडते कसे? घडते ते असे, की कंत्राटदार वाहतूक पोलिसांकडे जातो, मार्गिका बंद करण्याचे ना-हरकत पत्र आणतो, आणि तेच पत्र रात्रीच्या कामाचा परवाना म्हणून मिरविले जाते. त्या पत्रात किती गाड्या कोठून वळवावयाच्या याचा विचार असतो. किती माणसे जागी राहणार याचा विचार त्यात नसतो, कारण तो प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. परवानगी गाड्यांची मिळते. झोपेची परवानगी कोणी मागतच नाही. तक्रार करावयास गेलेल्या नागरिकाने पोलीस चौकी, विभाग कार्यालय आणि कंत्राटदाराचा मुकादम अशा तीन दारांच्या चकरा माराव्या, आणि तोवर पहाट व्हावी, हा शिरस्ता होऊन बसला आहे.

संपूर्ण मनाईचा नियम, आणि तो रोज रात्री मोडणारे खुद्द सार्वजनिक काम, हे दृश्य आम्हांस केवळ गोंगाटापेक्षाही अधिक घातक वाटते. जो नियम पाळताच येत नाही तो कोणाचेच रक्षण करीत नाही. उलट, शासनच नियम मोडते हे पाहून खासगी इमारती बांधणाऱ्यांसही रात्री हातोडे चालविण्याचे धैर्य येते. म्हणून आमची पहिली मागणी, कित्येकांस विपरीत वाटली तरी, अशी आहे की केंद्र सरकारने या नियमात सार्वजनिक रस्त्यांच्या कामापुरता एक अरुंद आणि उघड अपवाद लिहून घालावा. मागच्या दाराने चाललेली सवलत पुढच्या दाराने, मोजून-मापून आणि अटींसह द्यावी. राज्य सरकारने तशी मागणी दिल्लीकडे करावी. तोवर निवासी टप्प्यांतील गोंगाटाचे काम रात्री दहाच्या आत किंवा रविवारी दिवसा उरकावे, आणि जेथे ते खरोखरच अशक्य असेल तेथे न्यायालयापुढे जाऊन तशी मुभा मागावी.

हे आम्ही नवे काही सांगत नाही. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त जगण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाशी जोडला. २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने झोप हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. आपल्याच शहरात, कुलाब्याहून सीप्झकडे जाणाऱ्या भुयारी मेट्रोच्या कामात, मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली कफ परेड येथील रात्रीच्या कामास मनाई केली, आणि पुढील वर्षी ती शिथिल केली तीही आवाजाच्या अटी घालूनच. शहराची गरज आणि माणसाची झोप या दोहोंस एकाच तराजूत तोलता येते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. मात्र प्रत्येक वस्तीने आपल्या झोपेसाठी वकील करावा आणि वर्षभर न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या, ही काही राज्यकारभाराची रीत नव्हे.

अपवाद मोजून देण्याची पद्धतही आपल्या कायद्यास अपरिचित नाही. सण-उत्सवांसाठी ध्वनिवर्धकास रात्री दहापासून बारापर्यंत सवलत देता येते, पण वर्षातून फार तर १५ दिवस. गणपती-नवरात्राच्या आनंदासाठी जर दिवस मोजले जातात, तर डांबराच्या धडधडाटासाठी रात्री का मोजू नयेत? इंग्लंडात १९७४ सालच्या प्रदूषण नियंत्रण कायद्याने कंत्राटदारास काम सुरू होण्यापूर्वीच स्थानिक संस्थेकडून आवाजाविषयी पूर्वसंमती घेण्याची वाट करून दिली आहे. कोणते यंत्र, कोणत्या वेळी, आवाज कमी करण्यासाठी कोणते उपाय योजून, हे तेथे अर्जातच सांगावे लागते. ही रीत येथे आणण्यास ना परकीय चलन लागते, ना परदेशवारी.

तेव्हा परवानगी कोणत्या अटींवर द्यावी, याविषयी आमच्या सूचना आम्ही स्पष्ट मांडतो. पहिली गोष्ट, परवानगी साऱ्या महामार्गास सरसकट न देता टप्प्याटप्प्याने द्यावी. तीत तारखा असाव्या, आणि त्या तारखा किमान आठवडाभर आधी त्या वस्तीत मराठी व हिंदी फलकांवर लागाव्या. आजाऱ्याची, परीक्षार्थीची किंवा बाळंतिणीची सोय ज्यांस दुसरीकडे करावयाची असेल त्यांस ती करता यावी. दुसरी, कोणत्याही घरासमोर सलग तीन रात्रींहून अधिक काम चालू नये, आणि तिसऱ्या रात्रीनंतर दोन रात्री तेथे निखालस शांतता असावी. तिसरी, कामाचा क्रम आवाजाप्रमाणे लावावा. खरवडणे आणि फोडणे ही सर्वांत कर्णकटू कामे संध्याकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत संपवावी. पसरणे आणि दाबणे ही तुलनेने सौम्य कामे मागाहून करावी. यासाठी मार्गिका दोन तास आधी बंद करावी लागेल आणि मोटारवाल्यांचा थोडा खोळंबा होईल, हे आम्ही जाणतो. तो होऊ द्यावा. आज सारा भार झोपणाऱ्यावर आहे. त्यातील काही वाटा जागे असणाऱ्यांनी उचलला तर त्यात अन्याय नाही.

चौथी गोष्ट, आवाज यंत्रापाशी न मोजता रहिवाशाच्या खिडकीपाशी मोजावा, आणि त्या नोंदी दुसऱ्या दिवशी विभाग कार्यालयात पाहावयास ठेवाव्या. कर्कश इशाऱ्याऐवजी दूरवर न पोहोचणारा घरघरता इशारा देणारी साधने मिळतात. ती वापरण्याची आणि जनरेटरला आवाजरोधक पेटी घालण्याची अट निविदेतच असावी. पाचवी, प्रत्येक रात्री जागेवर एक अधिकारी असावा, ज्याचा दूरध्वनी क्रमांक फलकावर आहे आणि ज्यास काम थांबविण्याचा अधिकार आहे. आज दाद मागावयास गेलेल्यास भेटतो तो मुकादम; त्याच्या हाती ना अधिकार असतो, ना उत्तर. सहावी, अट मोडल्यास दंड कंत्राटदाराच्या देयकातून वळता करावा. २०२२ साली दोन्ही द्रुतगती महामार्ग महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून महानगरपालिकेकडे आले. तेव्हा ‘हा रस्ता आमचा नव्हे’ हे जुने उत्तर देण्याची सोय आता पालिकेस उरलेली नाही.

या सर्व वादात एका माणसाचा विसर पडतो, तो म्हणजे ते डांबर पसरणारा मजूर. तो कोणाची झोप हौसेने मोडीत नाही. त्याची स्वतःची झोप तर आधीच विकली गेलेली असते. रात्रभर तापलेल्या डांबराच्या वाफेत उभे राहावे आणि दिवसा पत्र्याच्या खोपटात, भर उन्हात डोळा लागेल तेवढा लागू द्यावा, हे त्याचे जिणे आहे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने त्याच्या कामाचे तास, सुरक्षा आणि कल्याण यांविषयी जबाबदाऱ्या घातल्या होत्या. रात्रीची परवानगी देताना त्याच्या विश्रांतीची, पाण्याची आणि परतीच्या वाहनाची व्यवस्था तपासली जावी. वस्तीतील रहिवाशाने आपला राग त्याच्यावर काढू नये. दोघेही एकाच बेपर्वाईचे बळी आहेत.

आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रात्रीच्या गोंगाटावर खरा इलाज यंत्राची पेटी नव्हे, टिकाऊ रस्ता हा आहे. जो रस्ता एकदा नीट झाला तो पुढील कित्येक वर्षे कोणाची झोप मोडीत नाही. परंतु आज डांबर वाळते न वाळते तोच कोणास जलवाहिनीची आठवण होते, कोणास तारांची, कोणास गटाराची; आणि काल रात्री जो थर घातला तो परवा रात्री फोडला जातो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, यातला हा प्रकार आहे, आणि जात्याची घरघर मात्र शेजाऱ्यांस ऐकावी लागते. म्हणून भूमिगत कामे असणाऱ्या सर्व संस्थांनी आपली कामे आधी उरकल्याचे लेखी सांगितल्यावाचून निवासी टप्प्यास रात्रीची परवानगीच देऊ नये, आणि हमीच्या मुदतीत रस्ता उखडला तर दुरुस्तीसाठी पुन्हा रात्र मिळू नये; ती दुरुस्ती रविवारी दिवसाढवळ्या, कंत्राटदाराच्या खर्चाने, लोकांच्या डोळ्यांदेखत व्हावी. रात्र दुसऱ्यांदा मिळणार नाही हे कळले, की पहिल्या रात्रीचे काम आपोआप नीट होऊ लागेल, असा आमचा विश्वास आहे.

नागरिकांसही आमचे एक सांगणे आहे. चांगला रस्ता हवा, पण तो आपल्या खिडकीखाली मात्र नको, असे म्हणता येणार नाही. तारीख आधी सांगितली, रात्री मोजून मागितल्या आणि शब्द पाळला, तर तीन रात्रींची झोप शहराला देण्याइतके औदार्य मुंबईकराजवळ निश्चित आहे. पुरात आणि अपघातात अनोळखी माणसांसाठी त्याने आपल्या घराची दारे उघडी केली आहेत. त्याचा संताप होतो तो झोप गेली म्हणून जितका, त्याहून अधिक ती न विचारता नेली म्हणून. महानगरपालिकेने एवढे ओळखावे. मागून घेतलेल्या रात्रीस सहकार्य म्हणतात. न विचारता नेलेल्या रात्रीस दुसरे नाव आहे, आणि ते नाव लोकांनी उच्चारण्यापूर्वी कारभाऱ्यांनी जागे व्हावे.